खान्देशी खट्याळ कोश : रोजच्या शब्दांच्या व्याख्या, आणि त्या कशा जमतात

बांधावरून

रामराम मंडळी. रोजच्या वापरातल्या शब्दांच्या खट्याळ व्याख्या गोळा करायला हा धागा काढतोय. एक विनंती आधीच करतो. फिरत्या मेसेजांतल्या "नवरा म्हणजे…", "बायको म्हणजे…" इथे नकोत. त्या पुण्यात चालतात, नागपुरात चालतात, मधे कुठल्याही गावाचं नाव घातलं तरी चालतात. म्हणजे त्या कुठल्याच गावच्या नाहीत. वावर, बाजार, चूल, लगीन, तलाठी कार्यालय इथले शब्द आणा. तो शब्द ज्याच्या हातात रोज असतो त्याने आधी मान हलवावी आणि मग हसावं, अशी व्याख्या पाहिजे.

मांडणी कोशासारखीच ठेवू. आधी शब्द, मग कंसात लिंग किंवा क्रियापदाची खूण, मग एकच वाक्य. आठ ते वीस शब्द पुरतात. पंचविसाच्या पुढे गेलं की निबंध होतो आणि डंख मधेच कुठेतरी बोथट होतो. डंखाचा शब्द शक्यतो वाक्याच्या शेवटी यावा, कारण त्याच्यानंतर आलेलं सगळं वाचक हसत हसत वाचतो, म्हणजे वाचतच नाही.

नमुन्याला "पैसेवारी", म्हणजे गावात पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, घेऊ. पहिला खर्डा असा होतो:

पैसेवारी (स्त्री.) : शेतकऱ्याचं दुःख मोजण्याची सरकारी पद्धत.

हे वाचायला बरं वाटतं, पण पंचनामा, पीकविमा, अनुदान यांतलं काहीही तिथे घाला, वाक्य तसंच्या तसं बसतं. शब्दाच्या आतलं काहीच वापरलेलं नाही. आता आतलं बघा. पूर्वी रुपयाचे सोळा आणे होते म्हणून आणेवारी होती, आता पैशांत मोजतात. पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाईच्या सवलती, वर गेली तर नाहीत. खरिपाची नजरअंदाज पैसेवारी सप्टेंबरात निघते, सुधारित ऑक्टोबरात, अंतिम डिसेंबरात. हे तीनही तपशील हातात घेतले की व्याख्या आपोआप तयार होते:

पैसेवारी (स्त्री.) : वावरात न दिसलेलं पीक कागदावर पन्नास पैशांच्या वर उगवण्याची क्रिया, पेरणी सप्टेंबरात, काढणी डिसेंबरात.

यातला एकही आकडा काढला तर विनोद जातो. माझ्या मते हीच कसोटी ठेवावी.

तर्कट

बांधावरून भाऊ, तुमच्या पहिल्या खर्ड्यात जे चुकलं त्याला न्यायशास्त्रात जुनं नाव आहे. कुठल्याही लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष मानतात : अतिव्याप्ती, अव्याप्ती आणि असंभव. उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या गाईचंच देतात. "जिला शिंगं ती गाय" म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. "जिचा रंग कपिला ती गाय" म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. "जिचा खूर अखंड ती गाय" म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, कारण गाईचा खूर दुभंगलेला असतो. हा असंभव. बरोबर लक्षण म्हणजे सास्ना, गळ्याखाली लोंबणारी पोळी. ती गाईला असते, म्हशीला नसते.

खट्याळ व्याख्येलाही हे तीन दोष लागतात. उलट तिला जास्तच लागतात, कारण साध्या व्याख्येतली चूक कोणी दुरुस्त करून घेतो, विनोदातली चूक दिसली की माणूस नुसता हसत नाही आणि पुढे जातो.

"आवर्तन" हा शब्द घेऊन बघू. कालव्याला पाळीने सोडलेलं पाणी म्हणजे आवर्तन; गिरणेच्या कालव्यावर असो नाहीतर हतनूरच्या, सगळीकडे चालणारा शब्द.

पहिला खर्डा. आवर्तन (न.) : कालव्याला सुटणारं, पण वावरात न पोचणारं पाणी. हेडवरच्या, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीच्या, शेतकऱ्याला विचारा. त्याच्या वावरात पाणी पोचतं, कधीकधी नको तेवढं पोचतं. म्हणजे त्याचं आवर्तन या व्याख्येत बसलंच नाही. अव्याप्ती.

दुसरा खर्डा. आवर्तन (न.) : सगळ्यांनी मागितलेलं आणि कोणालाच न मिळालेलं पाणी. हा असंभव. कोणालाच मिळालं नसतं तर चारी फोडल्याची भांडणं कशावरून होतात?

तिसरा. आवर्तन (न.) : कालव्याला पाणी सुटल्याची बातमी; हेडला बातमीआधी पाणी येतं, टेलला बातमीच येते.

आता हेडचाही माणूस आत आला, टेलचाही, म्हणजे कालव्याच्या शेवटचाही, आला. पाणी टेलला का पोचत नाही याची कारणं सगळ्यांना माहीत आहेत : चारीत साचलेला गाळ आणि गवत, मधल्या दारांची गळती, पाळी नसताना टाकलेल्या मोटारी. ती व्याख्येत घालायची गरज नाही. "हेड" आणि "टेल" हे दोन शब्द ती कारणं आपोआप घेऊन येतात. कामाचा नेमका शब्द वापरण्याचा हाच फायदा. तो चार वाक्यांचं ओझं एकटा उचलतो.

पिलबाग

रावेर-यावल पट्ट्यातले केळीचे शब्द देतो. आधी खरा अर्थ, मग व्याख्या, म्हणजे बाहेरच्यालाही कळेल.

नवती म्हणजे नव्या लागवडीचा माल. पिलबाग म्हणजे आधीचा घड कापल्यावर त्याच खोडाशेजारचं राखलेलं पिल वाढवून घेतलेलं पीक. मृगबाग जून-जुलैच्या लागवडीची, कांदेबाग सप्टेंबर-ऑक्टोबरच्या लागवडीची. वापसी म्हणजे प्रतीत न बसलेला माल, बारीक फण्या, डाग पडलेला, अडलेला. बाजारभावाच्या फळ्यावर नवती, पिलबाग आणि वापसी यांचे भाव वेगवेगळे लागतात.

वापसी (स्त्री.) : भाव पडला की नवतीच्याच घडाला मिळणारं दुसरं नाव.

ही मला नेमकी वाटते. तेजीत गाडी भरायची घाई असते तेव्हा निवड सैल असते, मंदीत तोच घड हातात फिरवून फिरवून बघतात. केळी नाशवंत, कापलेला घड झाडावर परत चिकटवता येत नाही, म्हणून बोली कोणाच्या हातात राहते ते सांगायला नको. व्याख्येत "भाव पडला की" हे तीन शब्द काढले तर उरतो तो नुसता आरोप. ते ठेवले की कारण दिसतं.

पिलबाग (स्त्री.) : पहिल्या पिकाने फेडायचं राहिलेलं कर्ज ज्याच्या नावावर चढवतात ते दुसरं पीक.

याच्या जोडीला एक : कांदेबाग (स्त्री.) : कांदा नसलेली बाग, नवख्याची परीक्षा घ्यायला ठेवलेलं नाव.

"हरण्या" या शब्दाची व्याख्या मात्र करू नये असं मनापासून वाटतं. मोझॅक विषाणूचा रोग आहे, माव्यातून पसरतो. पानांवर पिवळे पट्टे दिसले की झाड मुळासकट उपटून बागेबाहेर नेऊन नष्ट करणं एवढाच खरा उपाय. आजूबाजूला काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची ठेवायची नाही, कारण विषाणू त्यांच्यावरही जगतो. उभी बाग उपटणाऱ्या माणसासमोर वाचता येणार नाही अशी ओळ कोशात कशाला?

बांधावरून

हरण्याबद्दल शंभर टक्के पटलं. तो शब्द सोडूनच देऊ.

कांदेबाग मात्र मला कच्ची वाटते, भाऊ. रावेरच्या माणसाला त्या नावात काहीच विचित्र वाटत नाही, त्यामुळे तो हसणार नाही. हसेल तो बाहेरचा, आणि तोही फक्त नावाला. नावावरची कोटी आणि वस्तूवरची व्याख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वापसी वस्तूवर आहे म्हणून ती पक्की.

खापरमांडे

चुलीकडचे शब्द कोणी घेतले नाहीत म्हणून लिहिते. स्वयंपाकाच्या व्याख्या बहुतेक वेळा फसतात, कारण लिहिणाऱ्याने तो पदार्थ फक्त खाल्लेला असतो.

भरीत घ्या. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगाच नाही. फिकट हिरवं-पांढरं, मोठं, बिया कमी, भाजल्यावर गर लोण्यासारखा. ते भाजायचं कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्यांच्या जाळावर. भरभर जाळ लागतो, साल काळी होऊन सुटते आणि धुराचा वास गरात उतरतो. गॅसवर ठेवलं तर एका बाजूची साल जळते, देठाकडचा भाग कच्चा राहतो. मग साल काढून गर बडजीत ठेचायचा. बडजी म्हणजे लाकडी, खोलगट, खास याच कामाची. लाकडी बत्त्याने ठेचलं की गराच्या रेषा राहतात. मिक्सरला लावलं की रेषा तुटतात, पाणी सुटतं आणि भरताची चटणी होते. फोडणीला तेल सढळ, हिरवी मिरची आणि लसूण ठेचून, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. टोमॅटो नाही, गरम मसाला नाही. सोबत कळण्याची पुरी किंवा भाकरी, म्हणजे ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ घालून दळलेल्या पिठाची.

आता व्याख्या :

बडजी (स्त्री.) : घरात मिक्सर असूनही जी मागायला शेजारी जावं लागतं.

बघा, यात भरताचं नावही नाही. ते वाचकाला आठवतं. पदार्थाची व्याख्या करायची असेल तर पदार्थ सोडून त्याच्या भांड्याची करावी, असं माझं मत आहे. चवीची व्याख्या होत नाही. भांड्याची होते, कारण भांडं कोणाकडे आहे, कोणाकडे नाही, कोणी परत केलं नाही, हे सगळं त्यात येतं.

दुसरं भांडं खापर, मातीचं. मांडे करताना ते चुलीवर पालथं ठेवतात. पीठ मळून मळून इतकं सैल आणि चिवट करावं लागतं की पुरण भरलेली पोळी लाटण्यावर नाही, हातांवर वाढवता येते, मनगटाकडून कोपराकडे. मग ती एका झटक्यात खापरावर टाकायची. खापर का फुटतं? एक तर जाळ एकाच बाजूला लागतो, नाहीतर तापलेल्या खापरावर गार पाण्याचा हात पडतो. नवं खापर पहिल्याच दिवशी मोठ्या जाळावर ठेवलं तरी तडकतं.

खापर (न.) : चुलीवर असेपर्यंत सुगरणीचं, फुटलं की दुसऱ्याच्या डोक्यावरचं.

हे "खापर फोडणे" या वाक्प्रचारावर उभं आहे. बांधावरून भाऊ म्हणतील ही पण कोटीच. पण इथे वस्तू खरंच फुटते आणि फुटल्यावर चुलीपाशी पहिला प्रश्न "कोणाचा हात लागला?" हाच असतो. दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी, एकाच क्षणी खरे होतात. म्हणून ती टिकते.

बिबडी (स्त्री.) : कावळ्यांपासून राखायला बसवलेल्या पोरांनी ओलीच संपवलेला पापड.

याला वेगळं स्पष्टीकरण नको. ज्वारी तीन दिवस भिजवून, वाटून, तीळ-जिरं-मिरची घालून शिजवलेलं पीठ ओल्या कापडावर थापलं की पहिल्या तासातच ते सगळ्यात चांगलं लागतं.

उनू_उनू

बोलीतल्या शब्दांचं काय करायचं? व्याख्या अहिराणीत लिहावी की मराठीत? माझं म्हणणं, शब्द अहिराणीत आणि व्याख्या मराठीत. पण शब्द जसा बोलतात तसाच लिहावा. अहिराणीत "ळ" बहुतेक ठिकाणी "य" होतो. धुळे नाही, धुये. जळगाव नाही, जयगाव. काळा नाही, काया. कोशात "धुळे" लिहून वर "अहिराणी" अशी खूण केली की पहिल्याच ओळीत विश्वास गेला.

उनू (क्रि., भूतकाळ) : बोलणारा अजून घरीच असल्याचं सांगणारं भविष्यकाळी क्रियापद.

"मी उनू" म्हणजे मी आलो. फोनवर मात्र ते येणार या अर्थाने म्हणतात. प्रमाण मराठीतलं "आलोच" हेच काम करतं, त्यामुळे बाहेरच्यालाही ही कळते. पण अहिराणीत एक जास्तीची पायरी आहे. एकदा "उनू" म्हटलं तर माणूस निघण्याच्या बेतात असतो. दोनदा "उनू उनू" म्हटलं तर त्याची अंघोळ व्हायची असते. म्हणून जोडव्याख्या :

उनू उनू (क्रि., अतिभूतकाळ) : अंघोळीचं पाणी तापत असल्याची खूण.

"अतिभूतकाळ" असा काळ व्याकरणात नाही हे मला माहीत आहे. कोशाची खूणसुद्धा व्याख्येला हातभार लावू शकते, एवढंच दाखवायचं होतं. पण हे एखाद-दुसऱ्या शब्दापुरतंच. प्रत्येक कंसात गंमत घातली तर वाचक कंसच वाचायचे सोडतो.

आणि प्रदेशाचाच शब्द कोणी घेतला नाही म्हणून :

खान्देश (पु.) : महसुली नकाशातून गेलेला आणि हॉटेलांच्या पाट्यांवर उरलेला मुलूख.

१९०६ साली खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पुढे महाराष्ट्र राज्य आल्यावर त्यांची नावं जळगाव आणि धुळे झाली. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघाला. आज खान्देश नावाचा एकही जिल्हा नाही, पण पुण्या-मुंबईत "खान्देशी शेवभाजी" अशी पाटी दिसते.

पांढरंसोनं

कपाशीचे दोन शब्द.

फरदड (स्त्री.) : पुढच्या वर्षीच्या बोंडअळीसाठी यंदाच राखून ठेवलेली बाग.

डिसेंबरात वेचण्या संपल्यावर कपाशी उपटायची, पण पाणी असलं आणि भाव बरा असला की आणखी दोन क्विंटल निघतील म्हणून एक पाणी देऊन उभी ठेवतात. गुलाबी बोंडअळीला तोपर्यंत खायला मिळतं, तिची साखळी तुटत नाही. वेळेत उपटून काड्यांची विल्हेवाट लावणं हाच तिचा खरा बंदोबस्त. काड्यांचे ढीग बांधावर वर्षभर ठेवले तरी त्यांतल्या किडक्या बोंडांत अळी राहतेच.

पिलबाग भाऊंनी हरण्या सोडला आणि मी बोंडअळी घेतली, म्हणून कारण सांगतो. रोगात शेतकऱ्याच्या हातात काही नसतं, फरदडीत असतं. जिथे निवड आहे तिथे डंख चालतो.

दुसरा शब्द मॉइश्चर. पहिला खर्डा होता : भिजलेल्या कापसात आणि वाळवलेल्या कापसात सारखंच सापडणारं पाणी. तो मी बाद केला. सकाळी दहिवरात वेचलेल्या कापसात खरंच ओल असते, हमीभावाच्या खरेदीत आठ टक्के धरून बारा टक्क्यांपर्यंतच माल घेतात आणि आठच्या वर त्या मानाने भाव कापतात. यात खोटं काही नाही. म्हणजे डंख पाण्यावर मारून उपयोग नाही. डंख मारायचा तो मोजण्याच्या पद्धतीवर. खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावात येऊन घेतात तेव्हा, कित्येकदा मीटर नसतोच, कापूस मुठीत दाबून अंदाज सांगतात.

मॉइश्चर (न.) : मुठीत कापूस दाबून बघणाऱ्याला मीटरपेक्षा नेहमी दोन टक्के जास्त लागणारं पाणी.

आता ज्याने दहिवर उतरल्यावर वेचून, ताडपत्रीवर वाळवून माल आणलाय तो मान हलवेल. ज्याने ओला आणलाय त्यालाही तक्रार करता येणार नाही.

यार्डमास्तर

भुसावळकडून एकच.

कूलर (पु.) : ज्याच्यासमोर पाहुण्याला मानाने बसवलं की त्याला आपलं काम सांगताच येत नाही.

आवाजाचं कारण सांगतो. पंप कोरडा पडला की घरघरतो, आणि पत्र्याच्या पेटीचे स्क्रू ढिले झाले की सगळी पेटीच थरथरते. पाते एका बाजूला झुकलं असेल तर जास्तच. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि हवा कोरडी असते, म्हणून कूलर इथे चालतो. पण मागची खिडकी उघडी पाहिजे. दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की तासाभरात खोली दमट होते आणि गार हवा लागेनाशी होते. मग लोक वेग वाढवतात आणि आवाजही वाढतो.

आखाजी

लगीनसराईचे शब्द राहिले होते.

मुहूर्त (पु.) : पत्रिकेवर मिनिटासह छापलेली वेळ, जेव्हा नवरदेव मारुतीच्या पाराजवळ नाचणाऱ्यांत अडकलेला असतो.

पत्रिकेवर "दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांनी" असं लिहिलेलं असतं. "मिनिटासह" हा शब्द म्हणूनच पाहिजे. त्याच्याऐवजी "पत्रिकेवर छापलेली वेळ" लिहून बघा, निम्मी गंमत गेली. मारुतीचा पारही पाहिजे. आपल्याकडे नवरदेव आधी मारुतीला जातो आणि तिथून मांडवापर्यंतचं अंतर पाचशे पावलांचं असलं तरी दीड तास लागतो. नुसतं "वरातीत अडकलेला" लिहिलं तर ते कुठलंही लगीन झालं.

टॉवेल-टोपी (स्त्री.) : कोणीच न वापरता घराघरांतून फिरणारं सुती नाणं.

माइकवर नावं पुकारून टॉवेल-टोपी देतात. क्रम चुकला, म्हणजे धाकट्या मामाचं नाव थोरल्याच्या आधी आलं, तर रुसवा. नाव राहिलं तर दोन पिढ्यांचा रुसवा. म्हणून यादी आदल्या रात्री एका वडीलधाऱ्याकडून तपासून घेतात आणि दहा-बारा जोड जास्तीचे ठेवतात. मिळालेली टोपी कपाटात जाते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या डोक्यावर जाते. "नाणं" हा शब्द मी बराच विचार करून ठेवलाय. ते हातोहात फिरतं, त्याची किंमत कापडात नसते, आणि ते नाकारता येत नाही. तिन्ही गोष्टी नाण्याला लागू आहेत. उपमा घेताना ती कमीत कमी दोन ठिकाणी बसली पाहिजे. एकाच ठिकाणी बसणारी उपमा व्याख्येत उपरी वाटते.

तर्कट

आखाजीताई, टॉवेल-टोपी फार पक्की जमली आहे.

आतापर्यंतच्या व्याख्यांकडे बघून एक गोष्ट नोंदवतो. ज्या जमल्या त्यांत डंखाची दिशा ठरलेली आहे. पैसेवारीत तो कागद लिहिणाऱ्याकडे आहे, मॉइश्चरमध्ये मूठ दाबणाऱ्याकडे, वापसीत भाव ठरवणाऱ्याकडे. ज्याच्या हातात काटा किंवा लेखणी आहे, त्याच्याकडे. मांडे करणारीवर, टेलच्या शेतकऱ्यावर, ओली बिबडी खाणाऱ्या पोरावर नाही. पोरावर तर उलट लाडच आहे. जात, व्यंग, गावावरून पडलेली टोपणनावं यांच्या व्याख्या इथे घेऊ नयेत. त्या लिहायला सोप्या असतात, आणि नेमका तपशील नसतानाही लोक हसतात. आपली कसोटीच तिथे मोडते.

खापरमांडे

नकाराने केलेल्या व्याख्येबद्दल कोणी बोललं नाही. अमुक नसेल तर त्याला तमुक म्हणू नये, ही पद्धत आपल्याच मातीतली आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींची (१८८०–१९५१) एक अख्खी कविता कशाला काय म्हणू नये यावरच उभी आहे. तिची नक्कल करायला जाऊ नये, ती होत नाही. पण पद्धत म्हणून शिकण्यासारखी आहे, कारण नकारात वस्तूचं सगळ्यात महत्त्वाचं लक्षण एकटं उरतं.

शेवभाजी (स्त्री.) : ताट समोर येण्याआधी जिच्यातली शेव मऊ झाली, ती नव्हे.

भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण आणि काळा मसाला यांचा रस्सा आधी चांगला उकळून तेल वर आलं पाहिजे. शेव जाड, तिखट, बेसनाची, भाजीचीच. फरसाणातली बारीक शेव टाकली की तिचं पिठलं होतं. ती टाकायची वाढण्याच्या क्षणी, उकळत्या रश्शात, आणि लगेच ताटात. पातेल्यात टाकून झाकण ठेवलं की पाच मिनिटांत सगळा रस्सा पिऊन बसते. तर्कट नाना, तुमच्या भाषेत मऊ शेव म्हणजे असंभव.

तर्कट

ताई, न्यायात बसेल की नाही सांगता येत नाही, पण ताटात नक्की बसेल.

बांधावरून

यादी लावायला घेतली आहे. तलाठी कार्यालयाचे दोन शब्द माझ्याकडून.

सातबारा (पु.) : सातात नावं मावत नाहीत आणि बारात पीक भरत नाही असा कागद.

गाव नमुना सात म्हणजे हक्काची नोंद, बारा म्हणजे पिकाची. खातेफोड, म्हणजे वारसांची वेगवेगळी खाती, न करता तीन पिढ्या गेल्या की सातात वीस-पंचवीस नावं होतात, त्यांतली निम्मी सुरतेला. मग एका सहीसाठी सगळा व्यवहार अडतो.

दुसरा शब्द अडलाय. "बांध" आणि "भाऊबंद" या दोघांच्या वेगळ्या व्याख्या करून बघितल्या, प्रत्येक वेळी एकात दुसरा येतोच. नांगर दरवर्षी वीतभर सरकतो, मोजणीचा अर्ज होतो, खुणा लागतात, खुणा हलतात. शेवटी असं लिहिलं :

बांध (पु.) : पाहा भाऊबंद.
भाऊबंद (पु.) : पाहा बांध.

तर्कट

याला अन्योन्याश्रय म्हणतात. दोन लक्षणं एकमेकांच्या आधाराने उभी, म्हणून दोन्ही निराधार. शास्त्रात दोष आहे. पण इथे वस्तुस्थितीच तशी आहे, म्हणून ठेवा. फक्त सगळ्या कोशात हे एकदाच. दुसऱ्यांदा केलं तर आळस वाटेल.

खापरमांडे

आणि ते दोन शब्द लागोपाठ ठेवू नका भाऊ. ब आणि भ शेजारी येतात, दोन्ही ओळी एका नजरेत दिसल्या तर गंमत आधीच फुटते. अकारविल्ह्याने मधे बिबडी आणि भरीत आपोआप येतात. भरताची कृती तिथे पूर्ण द्या, काड्यांच्या जाळासकट. म्हणजे बांधाकडून भाऊबंदाकडे जायला पान उलटावं लागेल.